दोघांची नौका, एकाचा पहारा : शिडाच्या नौकेवरील जोडप्याचे चोवीस तास

बेहाला (कोलकाता) : कोलकात्याच्या नैर्ऋत्येकडील बेहाला या उपनगराचे नाव बेहुलेवरून पडले, असे येथे परंपरेने सांगितले जाते. नावाची व्युत्पत्ती कोणतीही असो, कथा बंगालात घरोघरी ठाऊक आहे. चांद सौदागराचा मुलगा लखिंदर लग्नाच्या रात्रीच सर्पदंशाने दगावतो. त्याची वधू बेहुला केळीच्या खांबांचा तराफा करून त्यावर पतीचा देह ठेवते आणि नदीच्या प्रवाहावर निघते. मनसामंगल काव्यांतील ही कथा वाचताना मराठी वाचकाला सावित्रीची आठवण होणे साहजिक आहे. फरक इतकाच, की सावित्री यमाच्या मागे चालत गेली, तर बेहुला पाण्यावरून गेली. महिनोन्‌महिने चाललेल्या त्या प्रवासात तराफ्यावर दोघे असले तरी जागे राहणारे माणूस एकच होते. बेहुलेची पाळी घ्यायला कोणी नव्हते.

आधुनिक शिडाच्या नौकेवरून महासागर ओलांडणाऱ्या जोडप्यांचा दिनक्रम समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात या ‘पाळी’पासूनच करावी लागते. अथांग समुद्र, मावळता सूर्य आणि हातात हात घेऊन बसलेले दोघे, असे चित्र जाहिरातींनी लोकांच्या मनात रुजवले आहे. प्रत्यक्षात दोघे जण तीन-चार आठवडे जेमतेम बारा मीटरच्या नौकेत राहतात आणि तरीही एकमेकांना फारसे भेटत नाहीत. एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. प्रवासाच्या सुरक्षिततेचा पाया हीच आलटून-पालटून होणारी ताटातूट आहे.

बेहाल्याच्या मधोमध जाणारा डायमंड हार्बर रस्ता हुगळीच्या मुखाकडे जातो. उत्तरेला लागूनच असलेल्या तारातला येथे व्यापारी जहाजांवरील अभियंते घडवणारी जुनी शिक्षणसंस्था आहे. आज ती भारतीय सागरी विद्यापीठाचा भाग आहे. पूर्वेकडून वाहणारी आदिगंगा ही गंगेची जुनी धारा. मंगलकाव्यांतील व्यापाऱ्यांच्या नौका त्याच प्रवाहातून समुद्राकडे गेल्याची वर्णने आहेत. समुद्र येथून सुमारे दीडशे ते दोनशे किलोमीटर दूर असला, तरी या भागाचा त्याच्याशी असलेला संबंध जुना आहे.

दोन आधुनिक उदाहरणे

कोलकात्याहून दोघांनीच समुद्र पार करण्याचे एक उदाहरण तर चांगलेच गाजले. फेब्रुवारी १९६९ मध्ये पिनाकीरंजन चॅटर्जी आणि जॉर्ज ड्यूक हे दोघे एका छोट्या होडीतून वल्ही मारत अंदमानकडे निघाले आणि ३३ दिवसांनी तेथे पोहोचले. होडीला शिडाचा आधार नव्हता आणि इंजिनही नव्हते. मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी बाब म्हणजे त्या होडीचे नाव ‘कान्होजी आंग्रे’ होते. कोकण किनाऱ्यावर परकीय सत्तांना धाक घालणाऱ्या आरमारप्रमुखाचे नाव घेऊन ती होडी बंगालच्या उपसागरात उतरली होती. कोलकाता ते पोर्ट ब्लेअर हे सागरी अंतर सुमारे १,२५५ किलोमीटर आहे. प्रवासी जहाज ते तीन-चार दिवसांत कापते. शिडाची साधारण नौका ताशी पाच-साडेपाच सागरी मैलांच्या वेगाने गेली, तर नदी सोडल्यानंतर तिला पाच-सहा दिवस लागतील. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, ताशी एक सागरी मैल या वेगाला ‘नॉट’ म्हणतात.)

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि गोव्याचे आहे. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परतल्या. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन असे चार थांबे त्यांनी घेतले. सुमारे आठ महिन्यांत २५,४०० सागरी मैलांहून अधिक अंतर या दोघींनीच कापले. ‘तारिणी’ ही ५६ फुटी नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली असून फेब्रुवारी २०१७ मध्ये ती नौदलात दाखल झाली. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातल्या तारा-तारिणी या जोडदेवतांवरून तिचे नाव ठेवण्यात आले. त्याच वर्षी सहा महिला अधिकाऱ्यांनी याच नौकेतून प्रदक्षिणेला प्रारंभ केला होता. सहाजणींचे काम पुढे दोघींनी करायचे ठरले, तेव्हा नौकेत नव्हे, तर झोपेच्या हिशेबात सर्वांत मोठा बदल करावा लागतो, हे सामान्य वाचकाच्या चटकन लक्षात येत नाही.

दिलना आणि रूपा सहकारी अधिकारी आहेत. पती-पत्नींनी असे प्रवास करण्याची परंपराही आता सत्तर वर्षांहून जुनी आहे. एरिक आणि सुझन हिस्कॉक या ब्रिटिश दाम्पत्याने १९५२ ते १९५५ या काळात तीस फुटी ‘वाँडरर थ्री’मधून पृथ्वीप्रदक्षिणा केली. लिन आणि लॅरी पार्डी यांनी कॅलिफोर्नियाहून निघून ‘सेराफिन’ या जेमतेम चोवीस फुटी, इंजिनविरहित नौकेत अकरा वर्षे काढली. नाते कोणतेही असले तरी नौकेवरचे गणित तेच राहते. दिवसाचे चोवीस तास दोघांत वाटायचे असतात.

चौदा मिनिटांचा हिशेब

सतत पहारा कशासाठी, असा प्रश्न जमिनीवरच्या माणसाला पडतो. समुद्र एवढा मोठा, त्यात दुसरे जहाज नेमके आपल्यावर येऊन आदळेल कसे? उत्तर साध्या अंकगणितात आहे. समुद्रातील टक्कर टाळण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पन्नास मीटर वा त्याहून लांब जहाजाच्या डोलकाठीवरचा दिवा किमान सहा सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. मालवाहू जहाज वीस नॉट वेगाने समोरून येत आहे आणि आपली नौका सहा नॉट वेगाने त्याच्याकडे जात आहे, असे समजा. दोघांतले अंतर तासाला सव्वीस मैलांनी घटते. दिवा दिसल्यापासून गाठ पडेपर्यंत चौदा मिनिटेही मिळत नाहीत. हवेत धुके किंवा पावसाची सर असेल, तर त्याहून कमी.

म्हणूनच त्याच नियमावलीतील पाचवा नियम सांगतो, की प्रत्येक जलयानावर सर्वकाळ डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असेल त्या साधनांनी योग्य टेहळणी चालू असली पाहिजे. काटेकोरपणे पाहिले, तर एकट्याने प्रवास करणारा नाविक झोपला की हा नियम मोडतो. दोघे असतील तर तो पाळता येतो, पण जेमतेम. जवळच्या जहाजांची ओळख, दिशा आणि वेग पडद्यावर दाखवणारी ‘एआयएस’ यंत्रणा व रडार यांनी हे काम पुष्कळ सोपे केले आहे. मात्र बंगालच्या उपसागरातील कितीतरी मासेमारी नौका या पडद्यावर उमटत नाहीत. जाळ्यांच्या टोकाला बांधलेला मिणमिणता दिवा तर डोळ्यांनीच शोधावा लागतो.

पाळ्यांची वाटणी जोडप्यागणिक बदलते. रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या ही रूढ पद्धत आहे. काहींना चार तास सोयीचे वाटतात, तर काही जण सहा-सहा तासांच्या दोन लांब पाळ्या करतात. त्यामुळे झोपणाऱ्याला सलग गाढ झोप मिळते. झोपेचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे धरले, तर तीन तासांच्या विश्रांतीत दोन आवर्तने कशीबशी बसतात. त्यातूनही अंगावरचे ओले कपडे उतरवणे, पुन्हा चढवणे यांत वीस मिनिटे जातात. दिवसा नियम सैल असतात; ज्याची झोप कमी झाली असेल, त्याने दुपारी पडून घ्यायचे.

प्रवासाचे पहिले तीन दिवस सर्वांत वाईट, यावर बहुतेक अनुभवी नाविकांचे एकमत दिसते. शरीर नव्या घड्याळाला सरावलेले नसते आणि त्यातच समुद्र लागतो. एकाला मळमळत असेल तर निभावते. दोघांनाही एकाच वेळी उलट्या होऊ लागल्या, तर नौका चालवणारे उरत नाही. म्हणून जाणकार जोडपी निघण्याच्या आदल्या दिवशी निरोपसमारंभ ठेवत नाहीत. त्या दिवशी ती झोपतात. पहिल्या तीन दिवसांचे जेवण किनाऱ्यावरच शिजवून डब्यांत भरलेले असते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शरीर हळूहळू लयीत येते.

पाळी बदलण्याची वेळ

झोपेतून उठलेल्या माणसाची पहिली पंधरा-वीस मिनिटे ग्लानीची असतात. डोळे उघडे असले, तरी निर्णयशक्ती जागी झालेली नसते. त्यामुळे पाळी बदलताना जाणारा लगेच जात नाही. उठलेल्याच्या हातात चहाचा पेला दिला जातो आणि मग हिशेब सांगितला जातो. वारा कोठून आहे आणि किती आहे, कोणते शीड किती उघडे आहे, बॅटरीत किती वीज शिल्लक आहे, उजवीकडचा तो दिवा कोणाचा आहे आणि तो जवळ येतो आहे की दूर जातो आहे. हे सगळे नोंदवहीतही लिहिलेले असते. बहुतेकदा दोघांचे चोवीस तासांतील सर्वांत महत्त्वाचे संभाषण हेच असते. त्यात जिव्हाळ्याची भाषा क्वचितच येते. पण ‘तो दिवा माझ्या लक्षात आहे, तू झोप’ या वाक्यात जेवढा विश्वास भरलेला असतो, तेवढा एरवीच्या गोड बोलण्यात असतोच असे नाही.

नोंदवहीत दर तासाला किंवा दर पाळीला स्थान, दिशा, वेग आणि हवेचा दाब लिहिला जातो. उपग्रहामार्फत हवामानाचे नकाशे नौकेवर मिळू लागल्यानंतरही दाबाची नोंद सुटलेली नाही आणि त्याला कारण आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठरावीक लयीत वरखाली होतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. ही लय बाजूला काढूनही दाब नेहमीच्या सरासरीपेक्षा तीन मिलिबारने खाली गेला, तर वादळाची शंका घ्यावी आणि पाच मिलिबारने गेला, तर ते जवळ आले आहे असे धरून चालावे, असे नाविकांना शिकवले जाते. दोघांपैकी एकानेच नोंद टाळली, तरी आलेखात खड्डा पडतो आणि लय ओळखता येत नाही. बंगालच्या उपसागरात एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे चक्रीवादळांचे महिने. चॅटर्जी आणि ड्यूक यांनी फेब्रुवारी निवडला, त्यामागचे कारण यावरून कळते.

झोपलेल्याची झोप हा नौकेवरचा सर्वांत मौल्यवान साठा मानला जातो आणि तो वाचवण्यासाठी अनेक रीती रूढ झाल्या आहेत. वारा वाढेल अशी शंका असली, तर शिडाचे क्षेत्रफळ मावळतीलाच कमी केले जाते. वेग थोडा घटतो, पण मध्यरात्री दुसऱ्याला उठवावे लागत नाही. झोपण्याची फळी नौकेच्या मध्यभागी, जिथे हेलकावे कमी, तेथे असते. तिच्या कडेला जाड कापडाचा पडदा ताणून बांधतात, म्हणजे नौका कलली तरी माणूस खाली पडत नाही. सुकाणूवर स्वयंचलित यंत्रणा असते किंवा वाऱ्याच्या दाबावर चालणारे यांत्रिक सुकाणू. दोघांच्या प्रवासात ही यंत्रणा तिसऱ्या खलाशासारखी असते. ती बिघडली, की पाळीतला माणूस सुकाणूला जखडला जातो आणि स्वयंपाक, दुरुस्ती, नोंदी सगळेच लांबणीवर पडते.

एका नियमाला मात्र कोठेही सूट नाही. दुसऱ्याला उठवल्याशिवाय रात्री कॉकपिट सोडून पुढच्या डेकवर जायचे नाही आणि कॉकपिटमध्येही कमरेच्या पट्ट्याची दोरी नौकेला अडकवलेली हवी. सहा नॉट वेगाने चाललेली नौका सेकंदाला सुमारे तीन मीटर पुढे जाते. पाण्यात पडलेला माणूस मिनिटभरात १८५ मीटर मागे राहतो आणि लाटांत त्याचे डोके दिसेनासे होते. खाली झोपलेल्याला काहीच कळत नाही. तो आपल्या पाळीला उठतो, तेव्हा तीन तास आणि अठरा मैल उलटून गेलेले असू शकतात. जोडप्यांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनांत वादळांची वर्णने भरपूर असतात. परंतु खरी भीती कसली, असे विचारले, तर अनेकांचे उत्तर वेगळे असते: जागे होऊन वर यावे आणि कॉकपिट रिकामे दिसावे.

पाणी, शेगडी आणि कांदे-बटाटे

दिवसाचे उरलेले तास घरकामात जातात. हे घरकाम वाकड्या घरातले आहे, एवढाच फरक. शेगडी दोन बाजूंच्या खिळींवर झुलती ठेवलेली असते. नौका कितीही कलली तरी तिचा पृष्ठभाग आडवाच राहतो. भारतीय स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर जगभरच्या नाविकांना प्रिय आहे, आणि तो केवळ इंधन वाचवतो म्हणून नव्हे. झाकण घट्ट बसलेले असल्याने तो कलंडला तरी उकळते अन्न अंगावर सांडत नाही. वरण-भात, खिचडी हे पदार्थ या जीवनाला इतके सोयीचे आहेत, की ते मुद्दाम नौकेसाठीच शोधून काढले असावेत असे वाटते.

भाजीपाला संपवण्याचा क्रम ठरलेला असतो. पालेभाज्या आणि पिकलेली फळे पहिल्या आठवड्यात, मग टोमॅटो व काकडी, नंतर कोबी, आणि शेवटपर्यंत टिकतात ते कांदे, बटाटे, लाल भोपळा. अंड्यांना बाहेरून तेल-तूप लावले, तर ती शीतकपाटाशिवायही काही आठवडे चालतात. प्रत्येक कांदा-बटाटा दर दोन-तीन दिवसांनी हातात घेऊन पाहावा लागतो. एक सडला की शेजारचे जातात. कंटाळवाणे काम आहे, पण तीन आठवड्यांनंतरचे जेवण त्यावर अवलंबून असते.

पाण्याचा हिशेब अधिक कडक. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन लिटर धरले, तर चाळीस दिवसांच्या टप्प्यासाठी दोघांना २४० लिटर लागतात. समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे आता अनेक नौकांवर असतात. मात्र ती विजेवर चालतात आणि बिघडतात. त्यामुळे टाकीतला राखीव साठा वेगळाच ठेवला जातो. आंघोळ समुद्राच्या पाण्याने, शेवटचा तांब्या तेवढा गोड्या पाण्याचा. भांडी खारट पाण्यात घासली जातात. वीज सौरपट्टे, छोटी पवनचक्की किंवा पाण्यात ओढत नेलेले जनित्र यांपासून मिळते आणि सर्वाधिक वीज स्वयंचलित सुकाणूच घेते. ढगाळ दिवसांत काय बंद करायचे, यावर वाद होतात. असे वाद घरातही होतात, पण घरातून रागावून बाहेर पडता येते.

दुपारची किंवा संध्याकाळची एक वेळ बहुतेक जोडपी राखून ठेवतात. मावळतीच्या सुमारास दोघेही कॉकपिटमध्ये बसून एकत्र जेवतात. दिवसातली खरी भेट तेवढीच. कुठे पोहोचलो, किती राहिले, शिडाची कोणती शिवण उसवत चालली आहे, हे तेव्हा बोलले जाते आणि तक्रारीही तेव्हाच काढायच्या असा अनेकांचा संकेत असतो. पहाटे तीन वाजता, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी, कोणताही जुना विषय काढायचा नाही. ही शहाणपणाची गोष्ट सागरी नियमावलीत नाही, पण पाचव्या नियमाइतकीच गरजेची दिसते.

ज्ञानाची वाटणी

जुन्या प्रवासवर्णनांत नवरा कप्तान आणि बायको स्वयंपाक व ‘मदत’ करणारी, अशी विभागणी सर्रास आढळते. दोघांच्या नौकेवर ती केवळ अन्याय्य नाही, धोकादायकही आहे. कामे वाटून घेता येतात; एकाला इंजिन आवडते, दुसऱ्याला नकाशे. परंतु एकाला येते ते दुसऱ्याला येत नसेल, तर त्या नौकेवर खरे तर एकच नाविक आणि एक प्रवासी असतो. कप्तानाचा हात मोडला किंवा तो पाण्यात पडला, तर नौका थांबवणे, वळवणे, संकटाचा संदेश पाठवणे आणि बंदर गाठणे हे दुसऱ्याला एकट्याने जमले पाहिजे. दिलना आणि रूपा यांना निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी यांचे मार्गदर्शन होते. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने चाललेल्या शर्यतीत हिंदी महासागरातील वादळात टॉमी यांच्या नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या, पाठीला गंभीर इजा झाली आणि हालचालही अशक्य झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांना वाचवले. संकटसंदेश देणारे उपकरण सोबत होते, म्हणून शोध लागला. त्या तीन दिवसांत पाणी आणून देणारेही कोणी जवळ नव्हते. दुसऱ्या माणसाचे मोल काय, याविषयी त्यांच्याइतक्या अधिकाराने सांगणारे थोडेच असतील.

‘तारिणी’च्या प्रवासातील तिसरा टप्पा, लिटलटन ते पोर्ट स्टॅन्ली, सुमारे दीड महिन्याचा होता. या टप्प्यात त्यांना चक्रीवादळांना तोंड द्यावे लागले. ३० जानेवारी २०२५ रोजी त्या ‘पॉइंट निमो’जवळून गेल्या. दक्षिण प्रशांत महासागरातील हा बिंदू सर्व दिशांच्या जमिनीपासून सर्वाधिक दूर आहे. जवळचे बेटही सुमारे २,६८८ किलोमीटरवर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाते तेव्हा त्यातील अंतराळवीर सुमारे चारशे किलोमीटरवर असतात. म्हणजे त्या क्षणी सर्वांत जवळची माणसे आकाशात असतात. त्याही ठिकाणी दोघींपैकी एक झोपलेली असणे आणि दुसरी जागी असणे हाच दिनक्रम होता. मदत तेथवर पोहोचायला अनेक दिवस लागतात. फेब्रुवारीच्या मध्यास त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला.

संकटात सहजीवन कसे टिकते, याचे सर्वांत जास्त सांगितले जाणारे उदाहरण मॉरिस आणि मॅरालिन बेली या ब्रिटिश दाम्पत्याचे आहे. घर विकून त्यांनी ‘ऑरालिन’ ही ३१ फुटी नौका घेतली. बाहेरच्या जगाचा व्यत्यय नको म्हणून तिच्यावर रेडिओ प्रक्षेपक ठेवला नाही. पनामाहून गालापागोस बेटांकडे जात असताना ४ मार्च १९७३ रोजी पहाटे देवमाशाच्या धडकेने नौकेला भोक पडले आणि तासाभरात ती बुडाली. रबरी तराफा आणि छोटी होडी एकमेकांना बांधून दोघे ११८ दिवस प्रशांत महासागरात तरंगत राहिले. मॅरालिन यांना पोहता येत नव्हते. सेफ्टी पिनांचे गळ करून त्यांनी मासे धरले, कासवे मारली, पावसाचे पाणी साठवले. एकामागून एक जहाजे त्यांना न पाहता निघून गेली. मॉरिस खचले, मॅरालिन खचल्या नाहीत. त्यांनी कागदाचे पत्ते आणि डॉमिनो बनवले, सुटकेनंतर करायच्या जेवणाचे बेत लिहिले, पुढच्या नौकेचे आराखडे काढायला लावले. ३० जून १९७३ रोजी दक्षिण कोरियाच्या मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. पुढे त्यांनी खरोखरच दुसरी नौका घेतली आणि ते पुन्हा समुद्रावर गेले. एकाचा धीर संपतो तेव्हा दुसऱ्याने तो आपल्याकडे ठेवायचा, हीदेखील पाळीच होती. फक्त तिची वेळ घड्याळावर ठरलेली नव्हती.

आज बेलींना एवढे तरंगावे लागले नसते. १९८० च्या दशकापासून कार्यरत असलेली ‘कॉस्पास-सारसॅट’ ही आंतरराष्ट्रीय उपग्रह यंत्रणा पाण्यात पडताच संदेश सोडणाऱ्या उपकरणांचे संकेत टिपते. भारतात बेंगळुरू आणि लखनौ येथे तिची भूस्थानके आहेत.

किनाऱ्याजवळची रात्र

खुल्या समुद्रात सरावलेला पाळ्यांचा क्रम किनारा जवळ आला की मोडतो. बंगालच्या उपसागरातून कोलकात्याकडे येणाऱ्या छोट्या नौकेला सागर बेटाच्या दक्षिणेला मासेमारी नौकांचे जथे, पाण्यावर पसरलेली जाळी, सतत सरकणारे वाळूचे पट्टे आणि जोरदार भरती-ओहोटी यांतून वाट काढावी लागते. त्या रात्री पाळी नसते. दोघेही जागे असतात. एक सुकाणूवर, दुसरा पुढे उभा राहून अंधारात दिवे मोजत. वीस-बावीस दिवस झोपेचे जे गणित जपले, ते शेवटच्या रात्री खर्ची पडते, आणि ते तसे शिल्लक ठेवलेले असावे लागते. दमलेल्या जोडप्यांच्या नौका महासागर ओलांडून बंदराच्या तोंडाशी वाळूत रुतल्या, असे प्रसंग नाविकांच्या बोलण्यात वारंवार येतात.

नदीत नांगर पडतो. परदेशातून आलेली नौका असेल, तर पिवळा झेंडा चढवून आरोग्य, सीमाशुल्क आणि पारपत्र विभागांच्या अधिकाऱ्यांची वाट पाहायची असते. नौका नांगरासह घसरू लागली तर वाजणारी घंटा लावून दोघे प्रथमच एकाच वेळी झोपतात. आणि रात्री तीनच्या सुमारास, कोणी न उठवता, ज्याची पाळी असायची तो उठून कॉकपिटमध्ये येतो, किनाऱ्यावरचे दिवे पाहतो, नौका घसरलेली नाही याची खात्री करतो आणि चहा न करताच पुन्हा खाली जातो.